घरच्या घरी ट्रॅक्टरचं मॉडेल: आधी टेप, मग चाकं, बोनेट सगळ्यात शेवटी

ट्रॅक्टरचं मॉडेल करायला बसलं की बहुतेक पोरं पहिल्यांदा बोनेट कापतात, कारण बोनेट म्हणजे ट्रॅक्टरचा चेहरा, तो झाला की फोटो काढून स्टेटसला टाकता येतो. मग त्याला शोभतील अशी चाकं शोधत फिरायचं, खेळण्यातल्या जीपची चाकं, बरणीची झाकणं, जे मिळेल ते, आणि सगळं रंगवून झालं की लांबून बघताना काहीतरी खटकतं पण काय खटकतंय ते सांगता येत नाही. खटकतात ती चाकं. ज्याचं अर्धं आयुष्य ट्रॅक्टरवर गेलंय तो माणूस मॉडेल हातात घेतल्या घेतल्या आधी मागचा टायर बघतो, टायर बारीक असला की बाकी कितीही नक्षीकाम करा, ते खेळणंच. म्हणून खाली जे सांगतोय त्याचा क्रम मुद्दाम उलटा आहे, चाकं आधी, बोनेट शेवटी.

पहिलं स्केल ठरवा, म्हणजे मॉडेल खऱ्यापेक्षा किती पट लहान करायचं ते; १:१० म्हणजे खऱ्याच्या दहावा भाग. बाहेरच्या देशात शेतीच्या मॉडेलची स्केल ठरलेली आहेत, अमेरिकेत १:१६ आणि १:६४ जास्त चालतं, युरोपात १:३२. ते विकत आणून कपाटात ठेवायला ठीक आहे, पण हाताने करायचं असेल तर १:३२ ला ट्रॅक्टर जेमतेम ११ सेंटीमीटरचा होतो आणि स्टेअरिंगचे सांधे करताना डोळे जातात. मी सरळ १:१० सांगतो. साडेतीन मीटरचा ट्रॅक्टर ३५ सेंटीमीटरचा होतो, टेबलावर मावतो, आणि मोठा फायदा म्हणजे कॅल्क्युलेटर लागत नाही. टेपवर जेवढे सेंटीमीटर, मॉडेलवर तेवढे मिलीमीटर. खऱ्या ट्रॅक्टरच्या पुढच्या आणि मागच्या एक्सलमधलं अंतर १९५ सेंटीमीटर आलं तर मॉडेलवर १९५ मिलीमीटर, विषय संपला.

आता टेप घेऊन ट्रॅक्टरजवळ जा, स्वतःचा नसेल तर शेजाऱ्याचा, गावात ट्रॅक्टर नाही असं काही होत नाही. नेटवरचे फोटो बघून मापं काढू नका, मोबाईलने जवळून काढलेल्या फोटोत पुढचं चाक फुगतं आणि मागचं बारीक होतं. फोटो लागतातच, पण ते असे काढा: दहा-बारा मीटर लांब उभं राहायचं, मोबाईल एक्सलच्या उंचीला धरायचा म्हणजे खाली बसायचं, आणि झूम करून बरोब्बर आडव्या बाजूने काढायचा, टायरला टेकवून एक मीटरपट्टी उभी ठेवायची. असाच एक पुढून, एक मागून. टेपने घ्यायची मापं म्हणजे दोन्ही एक्सलमधलं अंतर, मागच्या दोन टायरमधलं अंतर, बोनेटची लांबी रुंदी आणि जमिनीपासूनची उंची, मडगार्डची उंची, स्टेअरिंग आणि सीट जमिनीपासून किती वर, सायलेन्सर किती जाड. नवीन मॉडेलचा ट्रॅक्टर करायचा असेल तर शोरूममधलं माहितीपत्रक मागून घ्या, त्यात एकूण लांबी, रुंदी, व्हीलबेस (दोन्ही एक्सलमधलं अंतर) मिलीमीटरमध्ये छापलेला असतो. डिसेंबरमध्ये पुण्याजवळ मोशीला किसान प्रदर्शन भरतं तिथं तर एका दिवसात ट्रॅक्टर, रोटाव्हेटर, पेरणी यंत्र सगळ्याचे फोटो मिळतात, आणि स्टॉलवाले टेप लावू देतात, फक्त गर्दी व्हायच्या आधी सकाळी जा.

सामान फार नाही. सनबोर्ड ३ आणि ५ मिलीमीटर, पण घेताना नीट बघा, पीव्हीसीची फोम शीट पाहिजे, वरून कागद चिकटवलेला मऊ बोर्ड मिळतो तो नको, आणि थर्माकोल तर नकोच, त्यावर फेविक्विक पडलं किंवा स्प्रे मारला की तो खड्डे पडून विरघळतो. पीव्हीसी पाईपचे तुकडे, हे प्लंबरकडे फुकट मिळतात. सायकलचे जुने स्पोक, ट्रकची फाटकी ट्यूब (पंक्चरवाला देतो), बॉलपेनच्या स्प्रिंगा, एम-सील, ६ मिलीमीटरचा आटे असलेला रॉड आणि त्याचे नट, कटरची भरपूर पाती, आणि पॉलिश पेपर १२०, २२०, ४००, ८०० असे. ड्रिल मशीन असेल तर काम निम्मं होतं.

आता मागचं चाक. टायरच्या बाजूला मापच लिहिलेलं असतं, उदाहरणार्थ १३.६-२८. पहिला आकडा टायरची रुंदी इंचात, दुसरा रिमचा व्यास इंचात. १:१० ला एक इंच म्हणजे २.५४ मिलीमीटर, म्हणून रिम झाली ७१ मिलीमीटर आणि टायर जाडीला साधारण ३५. बाहेरचा पूर्ण व्यास टायरवर लिहीत नाहीत, तो टेपने घ्या, या मापाचा टायर १३० सेंटीमीटरच्या आसपास भरतो म्हणजे आपल्याला १३० मिलीमीटर. पुढचा टायर बऱ्याच ट्रॅक्टरला ६.००-१६ असतो, त्याची रिम ४१ आणि जाडी १५ मिलीमीटर. आणि इथं नशीब बघा, बाजारात पाण्याचा पीव्हीसी पाईप ७५ आणि ४० मिलीमीटर बाहेरच्या व्यासाचा मिळतो, म्हणजे मागची रिम आणि पुढची रिम दोन्ही तयारच आहेत, नुसत्या चकत्या कापायच्या. चार मिलीमीटरचा फरक मागच्या रिमला राहतो पण तो रिमच्या काठात जिरतो, कुणाला कळत नाही.

५ मिलीमीटर सनबोर्डाच्या सात गोल चकत्या एका मागच्या चाकाला. पूर्ण व्यास १३० पाहिजे पण त्यातले वरचे चार-चार मिलीमीटर टायरवर उठून दिसणाऱ्या नक्षीच्या पट्ट्यांना जाणार, म्हणून चकती १२२ ची. प्रत्येक चकतीवर कंपासने दोन गोल काढा, १२२ चा आणि ७५ चा, पण आतला गोल लगेच कापू नका, एकदा मधला भाग निघून गेला की ना कंपास टेकवायला जागा राहते ना बोल्ट घालायला. आधी बाहेरून एक-दोन मिलीमीटर जादा ठेवून कापा, मधोमध ६ ची भोकं पाडा, सातही चकत्या बोल्टवर चढवून दोन्हीकडून वॉशर लावून नट गच्च आवळा आणि बोल्टचं टोक ड्रिलमध्ये धरून हळू स्पीडला फिरवत १२० चा पॉलिश पेपर टेकवा. घरचा लेथ झाला. कडा थोड्या गोल करून घ्या, टायरच्या खांद्याला अशी गोलाई असतेच. हे काम अंगणात करा आणि तोंडाला मास्क, डोळ्याला चष्मा लावूनच करा, ही धूळ प्लास्टिकची आहे, शेतातली नाही. घासून झालं की चकत्यांवर पेन्सिलने एक ते सात नंबर टाका, कडेवर एक आडवी रेघ मारा म्हणजे परत त्याच क्रमाने लागतील, मग सुट्या करून प्रत्येकीचा आतला ७५ चा गोल कापा आणि ३५ मिलीमीटर लांबीच्या पाईपच्या तुकड्यावर एकेक चढवत फेविक्विकने चिकटवा. पाईपमुळे सगळ्या आपोआप मध्यावर येतात.

नक्षीच्या पट्ट्या हे सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं काम. आधी खऱ्या टायरवरच्या पट्ट्या मोजा, खडूने एका पट्टीवर खूण करून सुरुवात करा नाहीतर मोजताना हमखास घोळ होतो. समजा एका बाजूला २० आल्या. आपल्या चकतीचा घेर ३८३ मिलीमीटर, म्हणजे दर १९ मिलीमीटरला एक पट्टी. चाकावर पट्टी ठेवून मोजत बसू नका, कागदाची लांब पट्टी चाकाला गुंडाळून बरोबर घेराएवढी कापा, टेबलावर सपाट ठेवून तिचे भाग पाडा आणि परत चाकाला लावून खुणा उतरवा. दुसऱ्या बाजूच्या पट्ट्या निम्म्या अंतराने सरकवायच्या, म्हणजे डावीकडच्या दोन पट्ट्यांच्या मध्ये उजवीकडची एक. पट्ट्या ट्रकच्या ट्यूबमधून कापा, चार मिलीमीटर उंची व्हायला थरावर थर चिकटवा, साधारण ४५ अंशात तिरक्या लावा आणि मध्यरेषेच्या जरा पुढपर्यंत न्या. ट्यूबला आतून पावडर असते ती साबणाने धुवून वाळवल्याशिवाय काहीही चिकटत नाही.

आणि दिशा! ट्रॅक्टरच्या मागे उभं राहून बघितलं की पट्ट्यांची मधली टोकं वर, घराच्या छपरासारखी दिसली पाहिजेत, म्हणजे चाक पुढे फिरताना टोक आधी जमिनीला टेकतं आणि चिखल बाजूला ढकलला जातो. दोन्ही चाकं सारखीच केली आणि रिमची खोलगट बाजू बाहेर ठेवून लावली की एक चाक उलटं लागतं. म्हणून डावं-उजवं जोडीने करा, समोरासमोर ठेवून. विकतच्या स्वस्त खेळण्यांतसुद्धा हे उलटं असतं, एकदा दिसायला लागलं की मग सगळीकडे दिसतं.

पुढचं चाक सोपं आहे, तीन चकत्या, आणि नक्षी म्हणजे चाकाभोवती सरळ फिरणाऱ्या रेघा, ट्यूबच्या बारीक पट्ट्या गोल गुंडाळल्या की झालं. रिममधली ताटली ३ मिलीमीटर सनबोर्डाची, तिचे बोल्ट म्हणजे टाचणीची डोकी किंवा छोटे स्क्रू, किती आहेत ते मोजून घ्या.

सांगाडा. ट्रकला असते तशी खाली लांब चेसिस ट्रॅक्टरला नसते. इंजिन, क्लचचं घर, गिअरबॉक्स आणि मागच्या एक्सलचं घर हे एकामागे एक बोल्टने जोडलेले असतात आणि तेच ट्रॅक्टरचा कणा असतात. मॉडेलमध्येही तसंच करा, एक लाकडी चौकोनी दांडकं कणा म्हणून घ्या आणि त्यावर सनबोर्डाचे ठोकळे चढवत इंजिन, गिअरबॉक्स असे भाग करा, प्रत्येक जोडाच्या ठिकाणी एक मिलीमीटर जादा काठ ठेवा म्हणजे जोड दिसतो. बोनेटखाली बाजूने इंजिन उघडंच दिसतं त्यामुळे डिझेल फिल्टर, पाईप, फॅन बेल्ट एवढं तरी करा, पेनच्या रिफिली आणि वायरचं रबर यातून निम्मं होतं. मागचा एक्सल म्हणजे तो ६ चा रॉड, त्यावर २० मिलीमीटरचा पाईप चढवला की एक्सलचं घर.

पुढच्या एक्सलवर मात्र वेळ घालवा. खऱ्या ट्रॅक्टरचा पुढचा एक्सल मध्यभागी एका पिनवर लटकलेला असतो आणि डावीकडे-उजवीकडे डोलतो, त्यामुळे बांधावरून जाताना चारही चाकं जमिनीला टेकलेली राहतात. मॉडेलला तो घट्ट चिकटवून टाकला तर टेबल जरा वाकडं असलं की एक चाक हवेत. ३ मिलीमीटरचा बोल्ट मध्यातून घालायचा, नट अगदी आवळायचा नाही. दोन्ही टोकांना उभ्या पिना स्पोकच्या, त्यांना मागच्या बाजूला छोटे हात आणि दोन्ही हात जोडणारा एक रॉड. हे हात सरळ मागे ठेवायचे नाहीत, थोडे आत झुकवायचे, इतके की दोन्हींची रेघ मागे वाढवली तर मागच्या एक्सलच्या मध्यावर मिळेल, मग वळताना आतलं चाक बाहेरच्यापेक्षा जास्त वळतं. स्टेअरिंगचं चाक २.५ चौरस मिलीमीटरच्या इलेक्ट्रिक वायरचं, त्यावर एम-सीलचा पातळ थर.

मागे लिंकेज, म्हणजे अवजार जोडायचे दांडे. खालचे लोअर लिंक दोन, वरचा टॉप लिंक एक. हॅरी फर्ग्युसनची ही तीन टोकांची पद्धत १९३९ च्या फोर्ड-फर्ग्युसन ट्रॅक्टरमधून सगळीकडे पसरली आणि आज आपल्याकडच्या जवळपास प्रत्येक ट्रॅक्टरला तीच आहे, त्यामुळे हे एकदा नीट जमलं की कुठलंही अवजार मॉडेलला जोडता येतं. लोअर लिंक ट्रॅक्टरच्या बाजूला जवळजवळ आणि अवजाराच्या बाजूला लांब असतात, समांतर नसतात, हे बरेच जण सरळ करून टाकतात. स्पोकचं टोक चपटं करून त्यात भोक पाडलं की मस्त लिंक होते. वरचे उचलणारे दोन हात एकाच आडव्या दांड्यावर बसवा आणि तिथून उभ्या सळ्या लोअर लिंकला, म्हणजे एक हात उचलला की दोन्ही बाजू सारख्या उचलतील आणि अवजार तिरकं होणार नाही. पीटीओ शाफ्ट, म्हणजे अवजाराला इंजिनची ताकद देणारा मागचा फिरता दांडा, खरा ३५ मिलीमीटर जाड असतो, आपला साडेतीनचा, त्यावर सहा खाचा असतात, त्या कानसीने पाडल्या तर पाडा नाहीतर वर टोपी घालून टाका, खऱ्याला पण टोपीच असते निम्मा वेळ.

आता मडगार्ड आणि बोनेट. मडगार्डची वरची पट्टी ३ मिलीमीटर सनबोर्डाची, हेअर ड्रायर किंवा हीट गनने गरम करून १६० मिलीमीटरच्या पाईपावर दाबून धरा, थंड होईपर्यंत सोडू नका. बोनेटसाठी आधी लाकडाचा ठोकळा बोनेटच्या आकाराचा करा, जुन्या ट्रॅक्टरचं बोनेट चौकोनी असतं तिथं ठोकळ्याची गरजच नाही, सरळ डबा जोडायचा. वाकवायच्या ठिकाणी आतून कटरने अर्ध्या जाडीपर्यंत रेघ मारली की घडी धारदार येते. पुढची जाळी मच्छरदाणीच्या तुकड्याची. हेडलाईटच्या पारदर्शक काचेजवळ फेविक्विक अजिबात वापरू नका, त्याच्या वाफेने काच पांढरी पडते, तिथं साधं फेविकॉल चालतं.

रंगाआधी फटी पुट्टीने भरा, गॅरेजवाले वापरतात ती एनसी पुट्टी, वाळली की २२० ने, मग ४०० ने पाणी लावून, शेवटी ८०० ने घासा. सनबोर्ड पुसायला थिनर नको, वरचा थर खराब होतो, साबणाचं पाणी पुरे. मग राखाडी प्रायमर, तो मारल्यावर आधी न दिसलेले सगळे ओरखडे दिसतात, परत घासायचं, परत प्रायमर. इथं कंटाळा केला की वरचा रंग कितीही महागाचा असू दे, पत्र्यासारखा दिसत नाही. स्प्रे पातळ मारा, हात थांबवू नका, एका थरानंतर पंधरा-वीस मिनिटं थांबा. कंपनीचा नेमका रंग पाहिजे असेल तर ऑटो पेंटच्या दुकानात ते जुळवून देतात. बोनेटवरची नावं, पट्टे, नंबर प्लेट यासाठी रेडियमवाल्याकडे जा, तो नंबर प्लेट कापतो त्याच मशीनवर तुमच्या मापाचं स्टिकर कापून देतो, माप मिलीमीटरमध्ये लिहून न्या. मालकाच्या ट्रॅक्टरवर जे लिहिलंय तेच लिहा, ‘आईसाहेब कृपा’ असेल तर तेच, समोरची लिंबू-मिरची पण करा, कंपनीच्या जाहिरातीतला ट्रॅक्टर करण्यापेक्षा गावातला एक ठराविक ट्रॅक्टर करण्यात जास्त मजा आहे असं माझं ठाम मत आहे. टायरवर चिखल पाहिजे असेल तर त्याच रानातली माती सुती कापडातून गाळून पातळ फेविकॉलमध्ये कालवा आणि जुन्या टूथब्रशने पट्ट्यांच्या मध्ये लावा, पट्ट्यांचा वरचा भाग पुसून काढा.

अवजारात पहिलं नऊ फणी कल्टिव्हेटर करा, सगळ्यात लवकर होतं. फण पुढे-मागे अशा दोन ओळींत असतात म्हणजे मध्ये पाला-कचरा अडकत नाही, आणि स्प्रिंगवाल्या कल्टिव्हेटरला प्रत्येक फणाला स्प्रिंगची जोडी असते. बॉलपेनची स्प्रिंग १:१० ला अगदी फिट बसते, अठरा लागतील, शाळेतल्या पोरांना सांगून ठेवा. ट्रॉली पण सोपी आहे, तेलाच्या १५ किलोच्या डब्याचा पत्रा कात्रीने कापला जातो, फक्त कडा दुमडून घ्या, हात कापतो. रोटाव्हेटर मात्र दुसऱ्या-तिसऱ्या मॉडेलला घ्या, त्याची पाती डावी-उजवी वळलेली असतात आणि एकेक वाकवताना जीव जातो.

बैलाची तिफण, म्हणजे तीन फणांचं पेरणीचं अवजार, करायची असेल तर सनबोर्ड बाजूला ठेवा, ती लाकडाचीच पाहिजे आणि शक्यतो बाभळीची, खरी अवजारं बाभळीचीच असतात आणि त्या लाकडाचा रंग रंगाने येत नाही. वाळलेली फांदी घ्या, ओली घेतली तर सावलीत पूर्ण वाळू द्या नाहीतर करून झाल्यावर तडकते. दिंड म्हणजे आडवं लाकूड, त्यात बसवलेले तीन फण, जुवाकडे जाणारी दांडी, हातात धरायचं रुमणं, वर बी टाकायचं चाडं आणि चाड्यातून तीन फणांकडे जाणाऱ्या तीन नळ्या. खऱ्या नळ्या बांबूच्या असायच्या, आपल्याला रिकामी रिफील पुरते. दोन फणांमधलं अंतर गावोगाव आणि पिकागणिक वेगळं असतं, एक फूट असेल तर आपल्याकडे ३ सेंटीमीटर, म्हणून घरात आडगळीला पडलेली तिफण मोजा, कुणाच्या तरी गोठ्याच्या माळ्यावर ती असतेच, आणि मोजताना घरातल्या म्हाताऱ्या माणसाला बरोबर घ्या, कुठला भाग कुठं बांधायचा ते त्यांच्याशिवाय कळणार नाही. गाठी दोऱ्याच्या चालतील, पण सुतळीचा एक पदर उसवून बांधला तर स्केलला बरोबर दिसतो. वार्निश लावू नका, चमकतं, जवसाच्या तेलाचा एक हात पुरे. चाडं खरंच चाललं पाहिजे, त्यात खसखस टाकून तिफण ओढली की टेबलावर तीन ओळी पडल्या पाहिजेत, एखादी नळी रिकामी गेली तर चाड्याचं ते भोक तापवलेल्या सुईने मोठं करा. नागपूरकडे तान्ह्या पोळ्याला पोरांचे लाकडी नंदी असतात, त्यांच्या उंचीला जुळवून जू केलं तर तिफण त्यांना जुंपता पण येते, फक्त तेव्हा १:१० विसरा आणि नंदीच्या खांद्यापासून मापं घ्या.

ठेवायला काचेची पेटी केली तर उत्तम, नाहीतर निदान खाली ठोकळा लावून ट्रॅक्टर एक्सलवर टेका, चाकांवर वजन ठेवून महिनोन्महिने ठेवलं तर ट्यूबच्या पट्ट्या खालून चेपतात. उन्हाच्या खिडकीत आणि गाडीच्या डिकीत ठेवू नका, सनबोर्ड तापला की बोनेट वाकतं. आणि जो रंग मारला त्यातला थोडा छोट्या बाटलीत काढून झाकण घट्ट लावून ठेवा, घरी पाहुण्यांची लहान पोरं आली की सायलेन्सर आणि आरसे पहिले जातात.